दाट वसाहतीतले नवे घर घ्यावे का?

प्रश्न: नियोजित वसाहतीतले, भिंतीला भिंत लागून असलेले नवे घर आम्हाला पसंत आहे, पण दाटी पाहून मन कचरते. काय करावे?

उत्तर: केवळ दाटीमुळे घर नाकारू नये, आखणी चांगली असेल तर शाळा, दुकाने पायी गाठता येतात, आणि हे सुख मोठे आहे. मात्र नमुना घर पाहून निर्णय घेऊ नका. वसाहतीच्या ज्या भागात लोक आधीच राहायला आले आहेत, तिथे रात्री जाऊन पाहुण्यांच्या गाड्या कुठे लागतात ते पाहा आणि सामाईक भिंतीपलीकडचे बोलणे ऐकू येते का, हे रहिवाशांनाच विचारा, कारण या दोन्ही गोष्टी नंतर सहसा सुधारता येत नाहीत. खिडकीसमोरची मोकळी जागा मंजूर आराखड्यात बाग आहे की पुढची इमारत, हेही तपासा. देखभाल खर्चाचा हिशेब कर्जाच्या हप्त्यासोबतच मांडा.