नेमलेलं सभागृह कायदा पाडू शकतं का?

हो, कॅनडाचं सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, पाडू शकतं. आपल्या महाराष्ट्राच्या विधान परिषदेला मात्र विधेयक फक्त लांबवता येतं. सिनेटच्या १०५ जागा पंतप्रधानांच्या सल्ल्याने गव्हर्नर जनरल भरतात, सदस्य ७५ वर्षांचे होईपर्यंत राहतात. १९९१ मध्ये गर्भपाताचं विधेयक तिथे ४३-४३ अशा समसमान मतांनी पडलं. एरवी असं क्वचितच होतं, आणि ते बरंच आहे. सिनेटच्या सदस्यांना कोणी मत दिलेलं नसतं. घटनादुरुस्ती मात्र बहुतेकदा १८० दिवसच रोखता येते.

आपल्याकडे ७८ पैकी १२ आमदार राज्यपालनियुक्त. साधं विधेयक आधी ३ महिने, विधानसभेने पुन्हा पाठवलं तर आणखी १ महिना रोखता येतं. दारव्हा तालुक्यातल्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवतो, पोरं नेमकं हेच विचारतात.