‘पाणी काढत बसते’ ती मुलगी

प्रश्न : मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण ६२ टक्के. वनस्पतींपासून मिळणारे नॅनोसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोज या तंतुमय घटकाचे अतिसूक्ष्म कण, पॉलिमरमध्ये (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थात) मिसळून औषध सावकाश सोडणारे पदार्थ बनवण्यावर तिला संशोधन करायचे आहे. रात्री नऊपर्यंत प्रयोगशाळेत दर अर्ध्या तासाने दोन मिलिलिटर पाणी काढत बसते. आम्ही व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम ठरवला आहे. फारच हट्ट धरला, तर हर्बल औषधांचा व्यवसाय काढून देऊ. – एक पालक

उत्तर : टक्क्यांची मला काळजी नाही, पदव्युत्तर प्रवेश परीक्षा नीट दिली तर वाट निघते. खटकले ते ‘आम्ही ठरवला आहे’, आणि त्याहून अधिक ‘पाणी काढत बसते’. शरीरद्रवाप्रमाणे ७.४ सामू (पीएच) राखलेल्या द्रावणात औषधाचा नमुना ठेवायचा, ठरल्या वेळी थोडे द्रावण काढून तेवढेच ताजे घालायचे आणि काढलेल्या द्रावणात किती औषध उतरले ते मोजायचे, अशी ही चाचणी असते. एक वेळ हुकली की आलेखातला तो बिंदू गेला. पहिल्या तासातच निम्मे औषध बाहेर आले, तर सावकाश सोडण्याचा बेत फसला, आणि हे कळायला कोणीतरी तिथे बसावेच लागते. तिच्या चिकाटीचा पुरावा तुम्ही तक्रार म्हणून पाठवला आहे.

हर्बल व्यवसायाचा या विषयाशी काडीचाही संबंध नाही. इथे वनस्पतीकडून घ्यायचा असतो तो औषध धरून ठेवणारा सांगाडा. लाकडातील किंवा कापसातील सेल्युलोजवर सुमारे ६४ टक्के सल्फ्युरिक आम्लाची ४५ अंश सेल्सियसच्या आसपास प्रक्रिया केली, की त्याचा विस्कळीत भाग विरघळतो आणि काही नॅनोमीटर जाडीचे, शे-दोनशे नॅनोमीटर लांबीचे स्फटिक उरतात. मग आम्ल निघून जाईपर्यंत कित्येक दिवस डायलिसिस, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाण्याने धुणे, चालते. हे स्फटिक पॉलिमरमध्ये नीट विखुरले तर औषधाच्या रेणूची वाट वळणावळणाची होते, गुठळ्या झाल्या तर सारी मेहनत वाया. शिवाय सेल्युलोज तोडणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या शरीरात नसते, त्यामुळे टोचून द्यायच्या औषधात ते वापरले तर शेवटी त्याचे काय होते, हे तपासावेच लागते. ‘झाडाचे आहे, म्हणजे निर्धोक’ असे मानणाऱ्याने औषधांच्या धंद्यात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी मार्गदर्शकाकडे पेशींवरील विषारीपणाच्या चाचण्यांची सोय आहे का, हे मात्र तिने विचारावे. आणि पुढचे पत्र तिलाच लिहू द्या. सोबत तो आलेख जोडायला सांगा. पहिल्या तासात किती औषध सुटले, ते मला पाहायचे आहे.