दगडी हत्ती घेण्याआधी

हे बघ, त्या दगडी हत्तीच्या पोटात दुसरा हत्ती दिसतोय म्हणून लगेच भुलू नकोस. ते आग्र्याचं काम, गोरारा दगडातलं. दगड मऊ, सुईनं तळाला हलकेच ओढलं की पांढरी भुकटी निघते. आजही ढिगानं बनतं. दुकानदार 'राजवाड्यातलं' म्हणेल. म्हणू दे की. अकीक या कठीण दगडावर मात्र चाकूही उमटत नाही. आणि खरा दगड गालाला गार लागतो, साच्यात ओतलेलं प्लास्टिकसारखं रेझिन तितकं लागत नाही.

कान आणि पायांमधली जागा भिंगातून बघ. हातकामात तिथं बारीक, वेडेवाकडे ओरखडे राहतात.

फॅबर्जेचं नाव घेऊन कोणी आलं तर सरळ उठून ये. त्या रशियन जवाहिऱ्यांच्या पेढीनं 1907 मध्ये इंग्लंडच्या राजघराण्याच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीवरच्या जनावरांच्या मूर्तींचं काम घेतलं हे खरं. पण त्यांच्या निव्वळ दगडी प्राण्यांवर सहसा पेढीचा शिक्का नसतोच. म्हणून नकली शिक्केवाले फार. जुन्या मालकीचा कागद नसेल तर शिक्क्याला काय चाटायचंय?

शंभर वर्षांपलीकडचं शिल्प असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो. नोंदणीचा कागद आधी माग, भाव मग कर. देवळातला नंदी कोणी विकायला आणला, तर हातसुद्धा लावू नकोस.