बाबांच्या गाठीचा ब्लॉक ट्रायलला द्यायचा का?

प्रश्न : डॉक्टर, बाबांच्या गालातली गाठ गेल्या वर्षी काढली (तंबाखूचा खर्रा काही सुटला नव्हता), आता परत आलीय. नव्या औषधाच्या ट्रायलवाले म्हणतात जुना ब्लॉक आणा नाहीतर दहा अनस्टेन्ड स्लाइडी आणा. रिपोर्ट आहे ना आमच्याकडे, मग हे काऊन? आणि सगळं त्यांनीच संपवून टाकलं तर?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ब्लॉक म्हणजे काढलेल्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, आणि अनस्टेन्ड स्लाइड म्हणजे त्याचाच पातळ काप, काचेवर लावलेला पण न रंगवलेला. रिपोर्टात गाठ कसली ते असतं, नवं औषध लागू पडेल का ते नसतं. त्यासाठी पीडी-एल१ (पेशींवरचं एक प्रथिन) सारखा मार्कर, म्हणजे खूण, पेशींवर रंगवून बघतात, आणि पीडी-एल१च्या एका नेहमीच्या टेस्टला तर मेलेल्या सोडून कॅन्सरच्या निदान १०० पेशी कापात दिसाव्याच लागतात.

संपायचं म्हणाल तर ऑपरेशनचा ब्लॉक इतक्यात संपत नाही. एक काप ४ मायक्रॉनचा, दहा काप मिळून ०.०४ मिलिमीटर, आणि मेणातला तुकडा दोन-तीन मिलिमीटर जाड. खरी नासाडी होते ती ब्लॉक परत परत काप काढायच्या मशीनवर चढवला की, कारण दरवेळी वरचा थर सपाट करताना टिश्यू छिलून जातो, म्हणून सगळ्या स्लाइडी एकाच खेपेला काढायला सांगा. पण दोन महिने आधी काढून कपाटात ठेवू नका, ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, कापलेली स्लाइड उतरत जाते. बारीक बायोप्सी असेल तर मात्र तुमची भीती खरी आहे, मग हात राखून द्या.

आता यात तुमच्या हातात नसलेलं एक सांगतो. गाठ निघाल्यावर तासाभरात दहापट फॉर्मलिनमध्ये (टिश्यू टिकवायच्या द्रावणात) जायला पाहिजे, मोठी असेल तर चिरून, कारण फॉर्मलिन आत फार हळू शिरतं. अख्खा गोळा छोट्या डब्यात कोंबून शनिवार-रविवार तसाच पडलेला मी पाह्यलाय, बाहेरून ठीक अन् मधे लगदा, त्यावर कोणता मार्कर लागणार! जबड्याचं हाड असलेला तुकडा ॲसिडमध्ये मऊ केला असेल तर डीएनए टेस्टला बहुतेक चालत नाही, तेव्हा नुसत्या गाठीचा ब्लॉक मागा.

मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीत ठेवून ज्यूस प्यायला उतरू नका बरं, मेण मऊ पडतं. संमतीपत्रात उरलेला टिश्यू पुढच्या संशोधनाला वापरू का असं विचारलं असेल तर वाचून सही करा, नाही म्हणता येतं. पोच घ्या, आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टाशी जुळतो का ते लॅबच्या खिडकीवरच बघा, नाहीतर धंतोलीची अजून एक चक्कर.