काचबिंदूचे थेंब आणि पडद्याची सूज

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. काचबिंदूसाठी रोज रात्री लॅटानोप्रोस्टचा थेंब घालतात. दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेव्हा लेन्समागची पिशवी फाटली होती. आता त्या डोळ्याला ओळी वाकड्या दिसतात. शेजारी म्हणतात, थेंब बंद करा. करावेत का?

उत्तर : स्वतःहून बंद करू नका, पण एक-दोन दिवसांतच डोळे दाखवा. शेजाऱ्यांची शंका अगदीच पोकळ नाही. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट हे प्रोस्टाग्लँडिन गटातले. त्यांच्यामुळे क्वचित डोळ्यामागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी, म्हणजे मॅक्युलात, पाणी झिरपून सूज येते. पिशवी शाबूत असेल तर धोका फारच कमी. ती फाटलेली असेल, पूर्वी युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) झाला असेल, मधुमेहाने पडदा बिघडला असेल किंवा पडद्याची शीर बंद पडली असेल, तर तो वाढतो.

अडचण अशी की, नुसत्या ऑपरेशननंतरही नेमकी याच सुमारास अशी सूज येते आणि पिशवी फाटली की जास्तच येते. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, सूज दिसेल. दोष थेंबाचा की ऑपरेशनचा, हे दिसणार नाही. म्हणून डॉक्टर बहुधा त्या डोळ्यातला थेंब दुसऱ्या गटातल्या औषधाने बदलतील आणि सोबत नेपाफिनॅकसारखे सूज उतरवणारे थेंब देऊन काही आठवड्यांनी पुन्हा ओसीटी करतील. बदली म्हणून टिमोलॉल निघाला, तर दमा किंवा मंद नाडी असल्यास आधीच सांगा. डाव्या डोळ्याचा थेंब नेहमीसारखा चालू ठेवा.

तोवर घरी अ‍ॅम्सलरचा चौकोनी जाळीचा कागद वापरा. वाचायचा चष्मा लावून कागद सुमारे ३० सेंटिमीटरवर धरा, एक डोळा झाका, मधल्या ठिपक्याकडे पाहा. वाकड्या रेषांवर पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. दोन्ही डोळे उघडे ठेवले, तर चांगला डोळा बिघाड झाकून टाकतो.

प्रश्न : चष्मा उणे ९. काचबिंदूसाठी पायलोकार्पिनचे थेंब सुरू केल्यापासून डोळ्यापुढे वीज चमकते. हे थेंबांमुळे?

उत्तर : असू शकतं. पायलोकार्पिनने डोळ्यातला स्नायू आकुंचन पावतो आणि पडद्याच्या कडेला ताण बसू शकतो. मोठ्या उणे नंबरचा पडदा कडेला मुळातच पातळ असतो. तो फाटणं दुर्मीळ, पण माहीत असलेला धोका आहे. आजच बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. नुसतं छिद्र असेल तर लेझरने भागतं. नजरेसमोर काळा पडदा उतरल्यासारखा दिसू लागला, तर रात्र असली तरी थांबू नका.