नाशिकमध्ये स्लॅट ग्रिलची १९४२ ची विलीज जीप विकायला आली आहे. पार्ट ओरिजिनल आहेत की नाहीत, कसं ओळखू?

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करकरून पाहिला. पुढे पट्ट्यांची ग्रिल, अंगावर नवाकोरा हिरवा रंग, डाव्या कुशीला कुऱ्हाड-फावडं, बंपरवर कॅपस्टन विंच आणि मालक म्हणतो, ‘सगळं ओरिजिनल, कंपनीतून आलं तसं.’ ऐंशी वर्षांत एकही पोचा न पडलेली जीप मला दाखवा, मी तिला ओवाळतो.

आधी कामाचं सांगून टाकतो, मग माझं रडगाणं.

स्लॅट ग्रिल, म्हणजे लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी, फक्त विलीजच्या पहिल्या पंचवीस हजार आणि वर काहीशे एमबी (विलीजचं युद्धातलं मॉडेल) जीपांना होती. १९४१ च्या अखेरीपासून १९४२ च्या मार्चच्या आसपासपर्यंत. युद्धात हीच जीप फोर्डही बनवायची, आणि पुढे विलीजनेही फोर्डची ग्रिल उचलली. एकाच पत्र्यातून दाबून काढलेली, नऊ फटींची. हलकी होती आणि स्वस्तही पडायची. एमबीचे नंबर १००००१ पासून सुरू होतात. चासीच्या पुढच्या टोकाला, डाव्या बाजूला आतून एक छोटी पट्टी रिव्हेट केलेली असते, तिच्यावर नंबर असतो. तो साधारण १२५८०० च्या पुढचा असेल आणि तोंडावर स्लॅट ग्रिल असेल, तर तोंड उसनं आहे. नंबर जीपीडब्ल्यूने सुरू होत असेल तर विषयच संपला. ती फोर्ड. फोर्डच्या जीपीडब्ल्यूला कंपनीतून स्लॅट ग्रिल कधीच आलेली नाही.

पण पट्टीही आता नवी मिळते, हवा तो नंबर ठोकून. म्हणून खाली पेपर अंथरा आणि बंपरखाली आडवे व्हा. रॅडिएटरच्या पुढे-खाली चासीचे दोन दांडे जोडणारा आडवा तुकडा पाहा. गोल पाइप असेल तर विलीज. उलट्या यू आकाराची चौकोनी पन्हळ असेल तर फोर्ड. रंगवाला, डेंटर, दलाल, कुणीही त्याला हात लावत नाही, कारण तिथे गिऱ्हाईक वाकत नाही. तुम्ही वाका.

मी वाकलो नव्हतो, म्हणून हे एवढं लिहितोय.

आमची मखमलाबादला द्राक्षबाग. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, १९६१ मध्ये देवळाली कॅम्पच्या एका डिस्पोजलवाल्याकडून, म्हणजे लष्कराचा जुना माल विकणाऱ्याकडून, जीप घेतली. लेफ्ट हँड, बुटक्या बॉनेटची, नऊ फटींची. ते तिला कधीच जीप म्हणाले नाहीत. ‘फोर्ड काढ’, ‘फोर्डला पाणी घाल’, असंच. आम्हा पोरांना वाटायचं तात्या जुन्या माणसासारखं काहीतरी बोलतात. मी सातवीत असताना एकदा त्यांनी मला चाकाशेजारी उकिडवं बसवलं, रॉकेलच्या बोळ्याने एका बोल्टचं डोकं पुसलं, मग आईच्या जुन्या टूथब्रशने घासलं. ग्रीसचा काळा चिखल निघाला आणि खालून इंग्रजी एफ वर आला, वळणदार, सहीतल्यासारखा. ‘बघ, सही केलीय त्याने,’ म्हणाले. माझं बोट धरून त्या अक्षरावरून फिरवलं. फोर्ड कारखान्यात जे जे बनलं, त्याच्यावर हा एफ मारलेला असे. बोल्टवर, ब्रॅकेटवर, हुकावर, सगळीकडे. विलीजचा माल वेगळा ओळखू यावा म्हणून. सुट्टीच्या दिवशी मी तात्यांच्या जीपवर एफ मोजत बसायचो. शंभराच्या वर गेलो होतो.

आता घोळ. १९७४ मध्ये मूळ इंजिन बसलं. ब्लॉकच फुटला. तात्यांनी नाशिक रोडहून दुसऱ्या जीपचं इंजिन आणून टाकलं. तेच २१९९ सीसीचं, साठ घोड्यांचं, फक्त विलीजचं, नंबर एमबीने सुरू होणारं. पाना न बदलता बसलं, कारण दोन्ही जीप एकाच नकाशावरच्या. जीपीडब्ल्यूमधला शेवटचा डब्ल्यू विलीजचाच.

आमच्या मेव्हण्यांना एवढं पुरलं. मेव्हणे एका कारखान्यात फोरमन होते, त्यामुळे लोखंडावर अखेरचा शब्द त्यांचा असतो अशी त्यांची समजूत. ‘दाजी, इंजिनावर एमबी आहे, म्हणजे गाडी विलीज. फोर्डने कधी जीप काढली नाही. तात्यांना कुणीतरी फसवलंय.’ हे लग्नकार्यात, दिवाळीत, बाराव्याच्या जेवणात, वीस वर्षं चाललं. फोर्डने युद्धात पावणेतीन लाखांवर जीप काढल्या, विलीजने साडेतीन लाखांवर, हे मी सांगून थकलो.

२०११ मध्ये जीप पार थकली. मेव्हण्यांच्या ओळखीचं एक वर्कशॉप होतं. नाव सांगत नाही, अजून चालू आहे. ‘माझा माणूस आहे, नव्यासारखी करून देईल.’ मी दिली. माझी चूक तिथेच. पाच महिने मी एकदाही गेलो नाही, छाटणीचे दिवस, मग थंडी, मग मण्यांना तडे. मेव्हणे जाऊन यायचे आणि फोनवर ‘भारी होतेय’ म्हणायचे.

आली ती खरंच देखणी. आणि तोंडाला स्लॅट ग्रिल. वर्कशॉपवाला हसत म्हणाला, ‘साहेब, इंजिन विलीजचं निघालं, म्हणून गाडी त्याच वर्षाची करून टाकली. स्लॅटला भाव येतो.’ सगळे बोल्ट नवे, झिंक केलेले, पिवळे चमकणारे. जुने कुठे? ‘भंगारात.’ ग्रिल? ‘भंगारात.’ चासीवर डाव्या दांड्याच्या माथ्यावर जीपीडब्ल्यू आणि नंबर ठोकलेला होता. तिथे सँड ब्लास्टिंग, वर ग्राइंडर, वर लांबी (पुट्टी), वर रंग. हात फिरवला तर गुळगुळीत.

तात्या तेव्हा ब्याऐंशीचे. काठी टेकत जीपभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर तळवा ठेवला आणि मला विचारलं, ‘छान आहे. आपली कधी येणार?’

मेव्हणे तिथेच उभे होते. म्हणाले, ‘तात्या, हीच आपली.’ तात्या काही बोलले नाहीत. पुन्हा तिच्यात बसलेही नाहीत.

मी पुढचे तीन रविवार अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात घालवले. तेव्हा तो बाजार होता. ग्रिल नाही मिळाली. एका ढिगात एफवाले एकोणीस बोल्ट मिळाले, आमचेच की दुसऱ्या कुणाचे, देव जाणे. ते डालड्याच्या डब्यात आहेत. ग्रिल मात्र तीन वर्षांनी दिसली. पिंपळगाव बसवंतला एका लग्नात नवरदेव फुलांनी मढवलेल्या जीपमधून आला, आणि झेंडूच्या माळेखाली, डावीकडून तिसऱ्या फटीच्या कडेला, पितळेचा डाग. १९७२ मध्ये तात्यांनी विहिरीच्या कठड्याला ठोकली होती, तेव्हा गावच्या लोहाराने पितळ ओतून सांधलेला. तो डाग मी झोपेतही ओळखेन. मालकाला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला वर्कशॉपमधून विकत घेतलीय, पावती नाही, देणार नाही. मेव्हणे ताटावरून न उठता म्हणाले, ‘दाजी, नऊ फटींच्या सगळ्या ग्रिल सारख्याच दिसतात.’

तर मेव्हणे, तुम्ही हे वाचत असाल (वाचताय, मला माहीत आहे), तुमच्या त्या वर्कशॉपला एक गोष्ट पुसता आली नाही. बंपरखालचा आडवा तुकडा अजून उलट्या यूचा आहे. आणि तात्यांच्या ट्रंकेत आरटीओच्या जुन्या कागदांवर चासी नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला छाप आहे. पहिली तीन अक्षरं कुणालाही वाचता येतात. इंजिन बदलतं हो, चासी बदलत नाही. माणसाचं रक्त बदललं म्हणून आडनाव बदलतं का?

असो. तुमच्या जीपकडे येतो.

मागे फाळका आहे का पाहा. युद्धातल्या जीपला मागून पत्रा सलग असतो, फाळका उघडत नाही. उघडत असेल तर नागरी सीजेची बॉडी आहे, आणि ग्रिलखाली मूळच्या सात फटी असणार. स्लॅटच्या काळातल्या विलीजला मागच्या पत्र्यावर डावीकडे ‘विलीज’ हे नाव उठावात दाबलेलं असायचं. नंतर सरकारने नाव काढायला लावलं. मागचा पेट्रोलचा डबा त्या काळात नव्हता, तोही नंतर आला. म्हणजे तुमच्या मालकाने स्लॅट ग्रिल आणि मागे डबा दोन्ही लावले असतील, तर त्याने पुस्तक अर्धंच वाचलंय. टाकीचं तोंड ड्रायव्हरच्या सीटखाली हवं, सीट उचलून बघा. हेडलाइट पाखरी नट सैल करून उलटा फिरवता आला पाहिजे, रात्री इंजिनावर उजेड पडावा म्हणून तशी सोय होती. बॉनेट छातीएवढं उंच असेल तर ती सीजे-३बी, म्हणजे महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं काढली ती. चांगली गाडी आहे, पण १९४२ ची नव्हे, ते मॉडेलच १९५३ चं.

रंगाचं म्हणाल तर डॅशच्या पाठीमागे आणि मागच्या कोपऱ्यातल्या हत्यारांच्या खणांच्या झाकणाखाली ब्लेडने नखाएवढं खरवडा. हिरवा, त्याखाली कुणा शेतकऱ्याचा निळा, त्याखाली पुन्हा मळकट लष्करी हिरवा, असे थर निघाले तर पत्र्याला आयुष्य आहे. एका रंगाखाली सरळ चकचकीत पत्रा लागला, तर बॉडी नवी. फिलिपिन्समध्ये अख्खी बॉडी नवी बनते, आणि हरियाणातल्या मंडी डबवालीत काय बनत नाही ते विचारा.

मालक ‘मॅचिंग नंबर’ म्हणाला तर कान टवकारा. फोर्डच्या जीपला चासी आणि इंजिनाचा नंबर एकच असायचा. विलीजला नव्हता, दोन्ही नंबर आपापल्या वाटेने पळायचे. विलीजमध्ये दोन्ही तंतोतंत जुळत असतील, तर कुणीतरी ठोकणी घेऊन बसलेलं आहे.

कुऱ्हाड-फावडं डाव्या बाजूला असणं बरोबर, ते सगळ्यांनाच होतं. पण आज लावलेलं मूळचं आहे असं मानू नका, दांडा तरी कोण ऐंशी वर्षं ठेवतो. कॅपस्टन विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढायचा बंपरवरचा रहाट, काही मोजक्याच जीपांना होतं. दिसायला भारी म्हणून लोक लावतात. असेल तर इंजिनाच्या पुढच्या टोकापासून त्याला फिरवणारा दांडा खरंच जोडलाय की नुसतं बंपरला नटाने आवळलंय, ते पाहा. डॅशवरच्या तीन पाट्या आता ऑनलाइन संचात मिळतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि हो, हे वर लिहायला हवं होतं. गाडीत एफचे बोल्ट सापडले म्हणून ती फोर्ड ठरत नाही, आणि विलीजच्या जीपमध्ये फोर्डचा भाग निघाला म्हणून कुणी तुम्हाला फसवलंय असंही नाही. लष्करी वर्कशॉपमध्ये चार जीप उघडून तीन उभ्या करायचे, कुणाचा भाग कुणाला लागला याचा हिशेब युद्धात कोण ठेवतो? अशी जुनी खिचडी प्रामाणिक असते. वाईट असते ती गेल्या वर्षी शिजवलेली. आमचीच बघा, फोर्डची चासी, विलीजचं इंजिन.

एक कायद्याचं. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी. पण नियम म्हणतो की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणून पेठ रोडच्या आरटीओत जायच्या आधी आरसीवरचे दोन्ही नंबर लोखंडावर स्वतः वाचा. मालकाने वाचून दाखवलेले नकोत.

किंमत मला विचारू नका. ज्या गाडीला ‘स्लॅटला भाव येतो’ म्हणून तोंड बदललं जातं, तिच्या भावावर मी काय बोलणार.

एक काम माझंही करा. बघायला जाल तेव्हा त्या मालकाच्या शेडमध्ये, कोपऱ्यात, कुठे जुनी नऊ फटींची ग्रिल पडलेली आहे का, एवढी नजर टाका. डावीकडून तिसरी फट. पितळेचा डाग, रुपयाएवढा.