दुनळी रायफल आणि तिची ‘एक्स्प्रेस’

जुन्या शिकारकथांत ‘दुनळी बंदूक’, ‘दुनळी रायफल’ आणि ‘एक्स्प्रेस रायफल’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. ते समानार्थी आहेत का, आणि त्यांतील ‘एक्स्प्रेस’ कोठून आली, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘दुनळी’ची फोड करत बसत नाही, दुमजली, दुपदरी यांच्या पंक्तीतला तो सरळ शब्द आहे. मात्र ‘दुनळी रायफलमधून छर्रे झाडले’ अशी वाक्ये अजूनही छापली जातात, त्यांना माझा ठाम आक्षेप आहे. ‘रायफल’च्या मुळाशी खरवडणे, चर पाडणे या अर्थाचे जुने फ्रेंच क्रियापद आहे. नळीच्या आत पीळदार आटे पाडण्याच्या क्रियेला इंग्रजांनी ते नाव दिले आणि पुढे क्रियेचे नाव हत्यारालाच लागले. त्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. छर्रे मात्र त्याच फिरकीने भलतेच विखुरतात, म्हणून ते गुळगुळीत नळीच्या बंदुकीतूनच उडवायचे.

आता ‘एक्स्प्रेस’. विशेष हेतूने, म्हणजे मुद्दाम शिकारीसाठी घडवलेली, म्हणून ती ‘एक्स्प्रेस’, अशी व्युत्पत्ती काही जाणकार मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. ती मला मुळीच मान्य नाही. लंडनचे बंदूककार धाकटे जेम्स पर्डी यांनी १८५६ मध्ये एक दुनळी रायफल बनवली आणि तिच्या गोळीच्या वेगावरून त्या नमुन्याला ‘एक्स्प्रेस ट्रेन’ असे नाव दिले. हलकी गोळी आणि दारूचा भरपूर भार, हे तिचे सूत्र. एवढ्या जोराने गोळी उथळ आट्यांवरून फिरकी न घेताच घसरून गेली असती, म्हणून पर्डींनी समोरासमोर दोन खोल, रुंद चर पाडले आणि त्यांत बसतील असे पंख गोळीला दिले. अशी वेगवान रायफल तेव्हा पहिलीच होती असे नाही. पण नाव टिकले ते पर्डींचेच. मुंबई ते ठाणे आगगाडी १८५३ मध्ये धावली, हे आठवले की त्या पिढीला वेग म्हटल्यावर आगगाडीच का सुचावी, हे उमगते.

विरोधकांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, पण तो त्यांना वाटतो तेथे नाही. ‘एक्स्प्रेस’चे लॅटिन मूळ ‘दाबून बाहेर काढणे’ असे आहे. त्यातून ‘स्पष्ट सांगितलेले’, त्यातून ‘खास हेतूचे’ असे अर्थ निघाले. एका ठरावीक स्थानकासाठी सोडलेली खास गाडी ती एक्स्प्रेस. ती मध्ये फारशी थांबत नसल्याने ‘जलद’ हा अर्थ रुळला. रायफलीपर्यंत शब्द आला तो या जलद गाडीतून. मधली गाडीच वगळून थेट ‘खास हेतू’वर उडी मारणे ही व्युत्पत्ती नव्हे, तो तर्क आहे.

प्रत्येक दुनळी रायफल मात्र एक्स्प्रेस नव्हे. इंग्रज शिकारी सॅम्युअल बेकर यांनी १८४० च्या दशकात सिलोनमध्ये हत्तींवर चालवलेल्या दुनळी रायफली पर्डींच्या नावाआधीच्या, जड गोळीच्या आणि ठासणीच्या होत्या. ठासणीची रायफल पुन्हा भरेपर्यंत जखमी हत्ती अंगावर येणार, म्हणून दुसरी नळी. शिवाय दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात यासाठी त्या समांतर न ठेवता तोंडाकडे किंचित जवळ आणाव्या लागत, आणि कारागीर प्रत्यक्ष बार काढून ती जुळणी पुन्हा पुन्हा तपासत असे.

काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही नायट्रोग्लिसरीन असलेली, जवळपास बिनधुराची दारू आल्यावर ‘नायट्रो एक्स्प्रेस’ हे जोडनाव घडले. बंदूककार जॉन रिग्बी यांच्या पेढीचे .४५० (नळीचा व्यास, इंचांत) नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस १८९८ चे. त्यात ‘नायट्रो’ ही दारूची खूण आहे आणि ‘एक्स्प्रेस’ ही पर्डींच्या गाडीची. म्हणून शिकारकथेत ‘एक्स्प्रेस’ आली की भाषांतरकारांनी तिची ‘खास बंदूक’ करू नये. शब्द आहे तसाच ठेवावा.